माझ्या पोटातलं कुंकू

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पुढे घोळ नको. या घरात मला सगळे ‘ती विलायती पेटी’ म्हणतात. मी पेटी नाही. पेटी जमिनीवर बसते, एका हाताने तिचा भाता मारतात आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबतात. मला मांडीवर घ्यावं लागतं. दोन्ही हातांचे अंगठे माझ्या चामड्याच्या पट्ट्यांत अडकवावे लागतात आणि बाकीची बोटं दोन्हीकडच्या बटणांवर नाचवावी लागतात.

माझं नाव कॉन्सर्टिना. सहा कोनांची आहे मी. दोन्ही टोकांना लाकडात कोरलेली बारीक जाळी, जाळीत बसवलेली हाडाची गोल बटणं आणि मधे घड्याघड्यांचा चामडी भाता. ओढलं की श्वास घ्यायचा, दाबलं की सोडायचा आणि बोट पडेल तो सूर बोलायचा, एवढंच माझं काम. शंभरावर वर्षं झाली मला. त्या वयाचं कौतुक येणारा-जाणारा करतो, आवाजाची चौकशी कुणी करत नाही. म्हणून जरा तडकून बोलतेय. मनावर घेऊ नका असं म्हणणार होते, पण घ्याच मनावर.

माझा जन्म लंडनचा. एका बोळातल्या दोन खोल्यांत कारखाना होता. तिथे एक म्हातारा पोलादाच्या बारीक पात्या कानसत बसायचा. एक पाती घासायची, फुंकून ऐकायची, तोंड वाकडं करायचं, पुन्हा घासायची. अशा किती पात्या माझ्या पोटात बसवल्या त्याने! शेवटी भाता ओढून सगळे सूर वाजवले आणि मान हलवली. तारीफ म्हणून तेवढीच, पण ती जाणत्याची होती.

तिथून मी गेले स्कॉटलंडला, डंडी नावाच्या गावी. गावभर तागाच्या गिरण्या. आणि ताग कुठला, तर आपल्या बंगालचा. हुगळीच्या काठावरून गासड्या जहाजात चढायच्या आणि थेट डंडीच्या बंदरात उतरायच्या. तिथल्या एका मावशीने मला विकत घेतलं, प्रार्थनेच्या गाण्यांना वाजवलं आणि म्हातारपणी आपल्या भाच्याच्या मांडीवर ठेवलं. भाच्याचं नाव टॅम गिलफिलन. गिरणीत सुताची बॉबिनं, म्हणजे रिळं, उचलणारा, काडीसारखा पोरगा.

टॅमची आई त्याच गिरणीत मागावर विणायची. मागाच्या खडखडाटात तिचे कान पार गेले होते. स्वतःचा आवाज तिला ऐकू यायचा नाही, तरी घरी भांडी घासताना ती एक संथ चाल गुणगुणायची. टॅमने ती माझ्यावर बसवली. सुरुवातीला खालून हळूहळू चढायची, मधे एका सुरावर जाऊन टेकायची आणि मग सावकाश खाली उतरून घरी यायची. सुंदर होती हो. टॅम ती आईसमोर वाजवायचा आणि ती माझ्या भात्यावर हात ठेवून ऐकायची. कानांनी नव्हे, तळव्याने.

आता म्युझिक हॉल म्हणजे काय ते सांगते. मोठं थिएटर, समोर धुराने आणि दारूने भरलेली माणसं, आणि रंगमंचावर एका संध्याकाळी दहा तऱ्हा. कुणी गाणार, कुणी कुत्री नाचवणार, कुणी तोंडातून रुमाल काढणार. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. आवडलं तर टाळ्या, नाही आवडलं तर अंड्यांचा मारा. नवशिक्यांचा वेगळा दिवस असायचा. त्या दिवशी पडद्यामागे एक जण लांब आकडी घेऊन उभा राहायचा. लोक ओरडले की आकडी मानेत अडकवून गाणाऱ्याला आत ओढून घ्यायचे. झाडावरून कैरी काढतात ना, तसं.

अशाच एका दिवशी टॅम मला घेऊन उभा राहिला. मावशीच्या नवऱ्याचा घागऱ्यासारखा स्कॉटिश पोशाख अंगात, त्यात अजून दोन टॅम मावले असते. त्याने आईची चाल धरली. पहिली ओळ चढली, टेकायच्या सुरापाशी आली, आणि भीतीने टॅमला लागली उचकी. सगळं अंग हललं, बोटं घसरली आणि माझ्या तोंडून भलतंच ‘क्वीक्’ निघालं.

हॉल हसून हसून लोळला. लोकांना वाटलं, हा प्यायलेल्याचं सोंग करतोय. टॅमने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच उचकी. आकडीवाल्याने आकडी खाली ठेवली आणि तोही हसायला लागला.

त्या दिवशी टॅम पहिला आला आणि तिथेच आमचा निकाल लागला. दुसऱ्या दिवसापासून भिंतींवर कागद झळकले, ‘झिंगलेला टॅम’. अहो, टॅम दारूला शिवतही नव्हता. चहा आणि तोही बिनसाखरेचा. पण त्याला लाल नाक लावलं, झुपकेदार मिशा चिकटवल्या आणि रोज उचक्या द्यायला लावल्या. ग्लासगो, एडिनबरा, मँचेस्टर, लंडन. मोठमोठे हॉल, बाहेर दिव्यांच्या अक्षरांत नाव. पोट भरलं, पैसा आला, आईला गिरणीतून काढून घरी बसवलं. नाव कमावलं म्हणतात ते कमावलं. पण कशावर? एका उचकीवर.

रोज मेकअपच्या खोलीत तो मला मांडीवर घ्यायचा आणि हळूच म्हणायचा, “आज पूर्ण वाजवतो बघ.” रोज हं. मीही वेड्यासारखी श्वास भरून तयार व्हायचे. बाहेर गेलो की पहिली ओळ चढायची, टेकायचा सूर जवळ यायचा, आणि वरच्या गॅलरीतून आवाज यायचा, “टॅम, उचकी दे.” एकदा ग्लासगोला त्याने दिली नाही. दात आवळून पुढे वाजवत राहिला. लोकांनी आधी हाका मारल्या, मग पाय आपटले, मग बूट आला. मालकाने आत येऊन सांगितलं, “तुझं गाणं ऐकायला कुणी येत नाही, तुझी उचकी ऐकायला येतात.” दुसऱ्या दिवशी टॅमने उचकी दिली. करतो काय!

आई गेली तेव्हा तो लिव्हरपूलला होता. तार आली, आणि तासाभराने आमची पाळी. त्या दिवशी लोक नेहमीपेक्षा जास्त हसले.

कलकत्त्याला आम्ही दोनदा आलो. हुगळीकाठच्या तागाच्या गिरण्यांत तेव्हा सगळे साहेब डंडीचे. थंडीच्या दिवसांत त्यांच्या क्लबात गावाकडचा माणूस बोलवायचे. टॅमला वाटलं, ही तर आपलीच माणसं, यांच्या आयाही मागावर होत्या, ही तरी पूर्ण ऐकतील. बोटीवरून उतरताना खिदिरपूरच्या गोदीत तागाचा वास आला तेव्हा तो थांबला, डोळे मिटून उभा राहिला. आईच्या पदराचा वास म्हणा ना. आणि क्लबात? पहिल्या ओळीला दोन-चार साहेबांनी डोळे पुसले. मला वाटलं, आज होतंय. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, “अरे, रडवतोस काय, उचकी दे.” आणि डोळे पुसणारेच सर्वांत मोठ्याने हसले. वर त्याच्यापुढे व्हिस्की धरली. त्याने ती कुंडीत ओतली. ते कुंडीतलं झाड पुढे जगलं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा दिवस फिरले होते. हॉल बंद पडत होते, जिकडेतिकडे बोलपट. टॅम म्हातारा झाला होता, खोट्या मिशांखाली खऱ्या पिकलेल्या मिशा आल्या होत्या. इथे त्याला ताप भरला. हात असे थरथरायला लागले की बटण सापडेना. तो उतरला होता त्या खाणावळीच्या बाईने त्याला बोटीत बसवून द्यायचं ठरवलं. जाताना त्याने मला माझ्या लाकडी डब्यात घालून तिच्या कपाटात ठेवलं आणि म्हणाला, “समुद्राची हवा हिला सोसणार नाही. बरा झालो की येतो आणि पूर्ण वाजवतो.” तो आला नाही. पुढे त्याचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारणार कुणाला?

कपाटात मी किती काळ होते याचा हिशेब सांगत बसत नाही. बाई गेली, तिची मुलगी म्हातारी झाली, घर विकलं गेलं आणि एका रविवारी मी लिलावात आले. चिनी बरण्या आणि एक पाय तुटलेलं टेबल यांच्या मधे. लिलाव पुकारणारे बाबू मला हातात घेऊन म्हणाले, “साहेबांच्या जमान्याची जिनिस.” समोर श्यामकांत उभे होते. खिदिरपूरला कस्टम्समध्ये अधिकारी, बदली होऊन कोलकात्याला आलेले आणि इथेच रमलेले. घरी पेटी वाजवायचा शौक. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, चला, वाजवणारा भेटला.

सॉल्ट लेकच्या घरी आणल्याबरोबर त्यांच्या बायकोने, प्रेमलताबाईंनी, कमरेवर हात ठेवून विचारलं, “आणखी एक डबडं?” श्यामकांत म्हणाले, “डबडं नाही गं, विलायती पेटी आहे.” त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि सा, रे, ग शोधायला लागले. माझ्यात सा एका हाताला असतो, रे दुसऱ्या हाताला, ग पुन्हा पहिल्या. पेटीसारखी सरळ रांग नाही. दोन संध्याकाळी झटापट केली, घाम पुसला आणि म्हणाले, “शोकेसमध्ये छान दिसेल.” झालं! रवानगी काचेच्या मागे, ताजमहाल आणि पितळी घोडा यांच्या शेजारी.

मित्रांनो, इथपर्यंत मी सोसलं. उचकी सोसली, कपाट सोसलं, घोडासुद्धा सोसला. पण पुढचं ऐका.

कोलकात्यात दुर्गापूजेची नवमी असते त्याच दिवशी आपल्या लोकांची खंडेनवमी. बाहेर मांडवात ढाक, म्हणजे इथले मोठे ढोल, वाजत असतात, अख्खं शहर रस्त्यावर असतं आणि आमच्या घरी पाटावर शस्त्रं मांडतात. विळी, स्क्रू-ड्रायव्हर, शिवणाची कात्री, सुमितचा लॅपटॉप. सुमित म्हणजे यांचा मुलगा, सेक्टर फाइव्हमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करतो. आणि वाद्य म्हणून मी. प्रेमलताबाई मनापासून पूजा करतात, त्यात खोट नाही. लॅपटॉपची वेळ आली की सुमित ओरडतो, “आई, की-बोर्डवर नको, वरती लाव.” आई वरती लावतात. माझ्या बाजूने ओरडणारं कोण? मला लावतात ते नेमकं बटणांवर. ओलं बोट हळदीत, मग कुंकवात, मग बटणावर, चांगलं दाबून. बटण दबलं की आतलं भोक उघडतं, आणि कुंकू खाली, थेट पात्यांवर. मग अक्षता. दोन-चार दाणे जाळीतून आत जातातच.

दरवर्षी एवढं भक्तिभावाने. इथली दमट हवा, तिने कुंकवाचा लगदा होतो, मग वाळतो, मग पुढच्या वर्षीचं त्यावर. एकेक सूर बसत गेला. पूजा करणाऱ्याला पुण्य लागलं आणि मी मुकी होत गेले. पाहुणे आले की म्हणतात, “किती जपलंय हो तुम्ही.” भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं माझं. ज्या दिवशी बाहेर एवढे ढाक वाजतात, त्याच दिवशी माझा एक सूर जायचा. सांगा, कुणाकडे तक्रार करायची?

यंदा श्यामकांत निवृत्त झाले. दसरा झाला की पुण्याला जायचं ठरलं. घरात खोक्यांचे ढीग. कुठलं सामान न्यायचं, कुठलं नाही, यावरून रोज खडाजंगी. सुमित इथेच राहणार. तो मला उचलून म्हणाला, “बाबा, हे मला द्या. मधला भाग कापून आत बल्ब टाकला तर लॅम्प एकदम फाटाफाटी होईल. एक जण करून देतो.” या पोराची सगळी वाढ इथली. मराठी बोलता बोलता मधेच बंगाली उगवतं; फाटाफाटी म्हणजे झकास. पण अर्थ कळला मला. भाता कापणार म्हणजे माझा श्वासच कापणार.

श्यामकांत म्हणाले, “गणपतीत आपल्या मराठी मंडळात एकदा वाजवून बघतो. वाजली तर पुण्याला नेऊ, नाही तर लॅम्प कर.”

म्हणजे सगळं त्या एका संध्याकाळवर आलं. मंडळाच्या हॉलमध्ये गणपती बसलेला, पुढे खुर्च्या भरलेल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मंगलाताईंनी ‘शंभर वर्षांची दुर्मीळ विलायती पेटी’ अशी घोषणा केली. श्यामकांत पांढरा झब्बा घालून बसले. मी जीव एकवटला. म्हटलं, टॅम, आज बघ हं.

त्यांनी ओढलं. पहिला सूर आला, दुसरा आला, तिसऱ्याला नुसती फुस्स हवा. ते गडबडले, जोरात दाबलं, आणि काय सांगू, माझ्या तोंडून निघालं ‘क्वीक्’! तीच ती उचकी. त्या पाठोपाठ जाळीतून कुंकवाचा लोट उडाला आणि झब्बा गुलालात न्हाल्यासारखा झाला.

हॉल हसून लोळला. “काका, वन्स मोअर,” पोरं ओरडली. आणि श्यामकांतांना, इतकी वर्षं ज्यांच्या पेटीला लोक जेमतेम टाळ्या द्यायचे त्या श्यामकांतांना, ती दाद गोड लागली. त्यांनी पुन्हा ‘क्वीक्’ काढलं. मान तिरकी करून, डोळे फिरवून. माझ्या पोटात तांदूळ खडखडत होते. शंभर वर्षं, दोन समुद्र, वेगळे लोक, वेगळी भाषा, आणि माझ्याकडून सगळ्यांना हवी तीच एक उचकी! मला त्या क्षणी खरंच वाटलं, लॅम्प झालेला बरा. लॅम्पला कुणी बोल म्हणत नाही.

पहिल्या रांगेत एकच बाई हसत नव्हती. प्रेमलताबाई नवऱ्याच्या झब्ब्याकडे बघत होत्या. ते कुंकू त्यांनी ओळखलं होतं. डबीतलं, त्यांच्याच हातचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्यामकांत बँकेत गेले, तशी त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवलं. पाटावर पुजतात तोच स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि माझे कोपऱ्यांतले स्क्रू सोडवले. टोक उचलून त्यांनी आत पाहिलं, वाळलेला लाल लगदा नखाने खरवडला. मग म्हणाल्या, “अगं बाई, हे सगळं मीच केलं.” रागाने सांगते, मित्रांनो, पण खरं सांगते, त्या बाईवर मला रागावता आलं नाही. सुमितच्या लहानपणीचा रंगांचा ब्रश शोधून त्यांनी एकेक पाती झटकली. तांदूळ चिमट्याने काढले. दोन दुपारी हेच काम. सगळे सूर परत आले, एक सोडून. एक पाती गंजून कधीच तुटली होती. कुठली ते ओळखलंत तुम्ही. टॅमची चाल जिथे टेकायची तीच.

आणखी एक गंमत. श्यामकांतांना न सुटलेलं कोडं या बाईंना पटकन सुटलं. त्या विणकाम करतात. एक टाका या सुईवर, एक त्या. सा इकडे, रे तिकडे, त्यात त्यांना अवघड असं काही वाटलंच नाही. रोज दुपारी, भांडीवाली गेली की, थोडं थोडं. कुणाला बोलल्या नाहीत.

खंडेनवमी आली. बाहेर ढाक, घरात पाट. विळीला कुंकू लागलं, कात्रीला लागलं. सुमित मला न्यायला म्हणून पिशवी घेऊनच आला होता. माझ्यापाशी येऊन प्रेमलताबाईंचा हात थांबला. त्यांनी कुंकू माझ्या लाकडी डब्याला लावलं, हात धुतले, कोरडे केले आणि मला मांडीवर घेतलं.

सुमितला निजवताना म्हणायच्या ती पाळण्याची चाल त्यांनी धरली. संथ, खालून चढणारी. ओळ त्या तुटक्या सुरापाशी आली. श्यामकांत पुढे सरसावले आणि हसत म्हणाले, “अगं, आता ती उचकी काढ. मंडळातले अजून विचारतात.”

“थांबा हो,” प्रेमलताबाई म्हणाल्या, “आधी हे पूर्ण होऊ दे.”

आणि जिथे माझा सूर नव्हता तिथे तो त्यांनी स्वतःच्या गळ्यातून काढला. अगदी तेवढाच, तेवढाच लांब. मग बोटं पुढे गेली, चाल सावकाश उतरली आणि घरी आली. पुन्हा फिरून तो सूर आला, पुन्हा गळा. श्यामकांत पाटापाशी खाली बसले. सुमितने पिशवीची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, “आई, हे मला आठवतंय.”

टॅमची चाल ही नव्हे. ती आता कुणालाच येत नाही, फक्त मला येते आणि मला आपणहून वाजता येत नाही. याची चडफड माझ्यासोबतच जाईल. पण मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर त्याची पूजा जरूर करा, कुंकू डब्याला लावा आणि मग त्याला बाहेर काढून वाजवा. चुकलं तर चुकू दे. आणि कुणी वाजवत असेल, मधेच तुम्हाला हसू आलं, कंटाळा आला, दुसरंच काही ऐकावंसं वाटलं, तर तोंड उघडण्याआधी जरा दम धरा. त्याचं पूर्ण होऊ द्या.